१६:९ चा व्हिडिओ ४:३ मध्ये आणताना: काय कापायचं, काय राखायचं

मोबाइल असो वा कॅमेरा, आज चित्रीकरण १६:९ मध्येच होतं, म्हणजे रुंदी १६ भाग आणि उंची ९ भाग. ते दाखवायचं ठिकाण मात्र दर वेळी तसं नसतं. शाळेच्या सभागृहातला प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा, म्हणजे ४:३ चा असतो आणि पडदाही त्याच मापाचा असतो. घरी जुना टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर अजून चालू असतो. कधी व्हीएचएस कॅसेटवरचं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं चित्रण आणि आजच्या मुलाखती एकाच माहितीपटात घ्यायच्या असतात. अशा वेळी रुंद चित्र चौकोनी चौकटीत बसवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये हे काम दोन क्लिकमध्ये होतं. पण त्या दोन क्लिकमध्ये चित्राचा पाव भाग जातो, आणि तो कुठला जावा हे सॉफ्टवेअरला कळत नाही. म्हणून हे काम शॉट बघून करायचं असतं. खालची सगळी पद्धत त्यासाठी आहे.

आधी गरज तपासा

१६:९ ची फाइल ४:३ च्या प्रोजेक्टरवर लावली तर ती बिघडत नाही. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र पूर्ण दिसतं. सभागृह लहान असेल आणि शेवटच्या रांगेतूनही चेहरे ओळखू येत असतील, तर काहीही न बदलता तीच फाइल लावा. रूपांतराचा खटाटोप तीन परिस्थितींत करण्यासारखा आहे: पडदा लहान आहे आणि त्याचा इंच-इंच वापरायचा आहे, कार्यक्रमात बरंचसं चित्रण मुळातच ४:३ चं आहे, किंवा ज्याच्यासाठी काम करत आहात त्यानं ४:३ ची फाइल स्पष्टपणे मागितली आहे.

यूट्यूबसाठी कोणी ४:३ मागत असेल, तर चित्र ४:३ च्याच मापात चढवा. बाजूच्या पट्ट्या स्वतः घालू नका. तिथला प्लेअर चित्राच्या आकाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो.

आकडे एकदा नीट समजून घ्या

१६:९ म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंदी आणि ४:३ म्हणजे १.३३ पट. १९२० × १०८० च्या चित्रातून पूर्ण उंचीचा ४:३ तुकडा काढला तर तो १४४० × १०८० होतो. रुंदीतले ४८० पिक्सेल जातात. मधोमध कापलं तर प्रत्येक बाजूचे २४०, म्हणजे एकूण २५ टक्के चित्र. चित्रीकरण ३८४० × २१६० चं, म्हणजे ४के असेल तर त्याचा ४:३ तुकडा २८८० × २१६० होतो, आणि तोही शेवटी १४४० × १०८० वरच उतरवायचा असेल तर हाताशी भरपूर मोकळीक राहते: चित्र दुपटीपर्यंत मोठं केलं तरी ते फुटत नाही. फोनवर ४के चा पर्याय असेल आणि पुढे ४:३ करायचं आधीच माहीत असेल, तर ४के मध्येच घ्या.

काहीच न कापता पूर्ण चित्र १४४० च्या रुंदीत बसवलं तर उंची ८१० होते, आणि वर-खाली १३५ पिक्सेलची एकेक काळी पट्टी उरते.

या दोन टोकांच्या मधे १४:९ आहे. प्रत्येक बाजूचे फक्त १२० पिक्सेल कापायचे. उरलेलं १६८० × १०८० चित्र ८५.७ टक्क्यांवर आणलं की १४४० × ९२६ होतं, आणि वर-खाली ७७ पिक्सेलच्या बारीक पट्ट्या राहतात. अ‍ॅनालॉग टीव्हीकडून रुंद पडद्याकडे जाण्याच्या काळात बीबीसीनं हीच तडजोड वापरली होती. एवढ्या बारीक पट्ट्या बघणाऱ्याला फारशा खुपत नाहीत आणि कडेची माणसंही बरीचशी वाचतात. बहुतेक घरगुती आणि शाळेच्या कामांसाठी मी सगळ्यात आधी हाच मार्ग सुचवेन.

चौथा मार्ग आहे चित्र दाबून बसवण्याचा, आणि तो वापरायचा नाही. १६:९ चं चित्र आडवं दाबून ४:३ मध्ये घातलं की रुंदी ७५ टक्के होते: माणसं उंच आणि किडकिडीत, गाडीची चाकं अंड्यासारखी. काही जण म्हणतात की लोकांच्या लक्षात येत नाही. ज्याचा चेहरा पडद्यावर असतो त्याच्या लक्षात पहिल्या क्षणी येतं.

कुठल्या दृश्याला कुठला मार्ग

शाळेचं स्नेहसंमेलन हे उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळ्या तऱ्हेचे शॉट येतात. मुख्याध्यापकांचं भाषण, बक्षीस घेणारा विद्यार्थी, निवेदिका: एकच माणूस आणि बाजूला रिकामी जागा. इथे बिनधास्त कापा. उलट चित्र घट्ट होतं आणि माणूस मोठा दिसतो.

लेझीम किंवा समूहनृत्य मात्र रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतं. मधोमध कापलं तर दोन्ही टोकांची चार-पाच मुलं पूर्ण गायब होतात, आणि त्यांचे पालक त्याच सभागृहात बसलेले असतात. अशा दृश्यात एकही मूल कापू नका. पूर्ण चित्र पट्ट्यांसह ठेवा, किंवा कडेला खरोखर मोकळी जागा असेल तर १४:९ करा.

एक पथ्य पाळा. पट्ट्यांचं माप दर शॉटला बदलू नका. एका शॉटला पूर्ण पडदा, पुढच्याला पट्ट्या, त्याच्या पुढच्याला परत पूर्ण, असं झालं की बघणाऱ्याचं लक्ष चित्रावरून उडून पट्ट्यांवर जातं. माप बदलायचंच असेल तर कार्यक्रमाचा एक भाग संपून दुसरा सुरू होताना बदला. भाषणं पूर्ण पडद्यावर आणि नृत्यं पट्ट्यांसह, अशी विभागणी डोळ्यांना चालते.

पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर, मोठी केलेली प्रत भरायची पद्धत हल्ली दिसते. अंधाऱ्या सभागृहात तो धूसर भाग हलत राहतो आणि मुख्य चित्राशी भांडतो. काळी पट्टी अंधारात विरून जाते. काळीच ठेवा.

टाइमलाइन तयार करताना

आधी १६:९ चं संपादन पूर्ण करा. शॉटचा क्रम आणि लांबी पक्की झाली की टाइमलाइनची प्रत काढा आणि ४:३ चं काम त्या प्रतीवर करा. मूळ टाइमलाइनला हात लावू नका. संपादन अर्धवट असताना चौकटी जुळवल्या की एखादा शॉट दोन सेकंदांनी पुढे-मागे सरकला तरी सगळ्या की-फ्रेम (कुठल्या क्षणी चौकट कुठे असावी हे ठरवणाऱ्या खुणा) परत तपासाव्या लागतात.

नव्या टाइमलाइनचं माप १४४० × १०८०, पिक्सेल चौरस, फ्रेमचा वेग (सेकंदाला किती फ्रेम) मूळ चित्रणाचाच. मूळ ३० चं असेल तर ३०, २५ चं असेल तर २५. फक्त चौकट बदलायची आहे, वेग बदलायचं काही कारण नाही.

डाव्हिंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये:

१. प्रत काढलेल्या टाइमलाइनवर उजवी क्लिक करून टाइमलाइन सेटिंग्ज उघडा. ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची खूण काढा.
२. रिझोल्यूशनमध्ये ‘कस्टम’ घेऊन १४४० आणि १०८० लिहा. पिक्सेल आस्पेक्ट रेशो ‘स्क्वेअर’.
३. ‘मिसमॅच्ड रिझोल्यूशन’मध्ये ‘स्केल फुल फ्रेम विथ क्रॉप’ निवडा. इथे आपोआप ‘स्केल एन्टायर इमेज टु फिट’ असतं, म्हणून सुरुवातीला पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेच फ्रेम टु ऑल कॉर्नर्स’ हाच तो दाबून बसवणारा पर्याय, त्याला हात लावायचा नाही.
४. आता प्रत्येक शॉट मधोमध कापला गेलेला दिसेल. ज्या शॉटची चौकट सरकवायची आहे तो निवडून इन्स्पेक्टरमध्ये ‘पोझिशन एक्स’ बदला. १९२० × १०८० च्या शॉटला हा आकडा उणे २४० ते अधिक २४० एवढाच चालतो. त्याच्या पुढे गेलात की कडेला काळी रेघ उघडी पडते.

आकडा वाढवला की चित्र उजवीकडे सरकतं, म्हणजे मूळ चित्राची डावी बाजू चौकटीत येते. सुरुवातीला हे उलटं वाटतं. चौकट जागेवर आहे आणि तिच्यामागचं चित्र आपण ओढतो आहोत, हे लक्षात ठेवा. १४:९ हवं असेल तर त्याच शॉटचा झूम ०.८५७ करा.

प्रीमिअर प्रोमध्ये सीक्वेन्सची (टाइमलाइनला तिथे हे नाव आहे) प्रत काढून सीक्वेन्स सेटिंग्जमध्ये एडिटिंग मोड ‘कस्टम’ करा, रुंदी १४४०, उंची १०८० आणि पिक्सेल आस्पेक्ट रेशो ‘स्क्वेअर पिक्सेल्स १.०’. नवा सीक्वेन्स करून त्यात पहिली क्लिप टाकलीत तर ‘ही क्लिप सीक्वेन्सशी जुळत नाही’ अशी खिडकी येते. तिथे ‘कीप एक्झिस्टिंग सेटिंग्ज’ दाबायचं. घाईत दुसरं बटण दाबलं की सीक्वेन्स परत १६:९ होतो, आणि हे लक्षात येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. पोझिशनचा पहिला आकडा मध्यभागी ७२० असतो आणि तो ४८० ते ९६० एवढ्यातच हलवता येतो. १४:९ साठी स्केल ८५.७.

प्रीमिअरमध्ये क्लिपवर उजवी क्लिक केली की ‘स्केल टु फ्रेम साइझ’ दिसतं. ४के च्या क्लिपला ते लावू नका. ते क्लिपचे पिक्सेलच कमी करून टाकतं, मग पुढे मोठं केलं की चित्र मऊ पडतं. त्याऐवजी ‘सेट टु फ्रेम साइझ’ वापरा. ते फक्त स्केलचा आकडा बदलतं आणि मूळ पिक्सेल शाबूत राहतात. मात्र ते संपूर्ण चित्र रुंदीत बसवतं, म्हणून त्यानंतर स्केल हातानं वाढवून चौकट भरायची. ४के च्या क्लिपला ती ५० टक्क्यांवर भरते.

पैसे न खर्चता काम करायचं तर ‘शॉटकट’ हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सेटिंग्ज, व्हिडिओ मोड, कस्टम, अ‍ॅड या वाटेनं १४४० × १०८० आणि ४:३ चा मोड तयार करा. मग क्लिपला ‘साइझ, पोझिशन अँड रोटेट’ हा फिल्टर लावून ‘फिल’ निवडा. ‘डिस्टॉर्ट’ नको.

सापळा: १४४० × १०८० चे दोन अर्थ

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. एचडीव्ही (टेपवर एचडी नोंदवणारे जुने कॅमेरे) आणि त्या काळातले काही एव्हीसीएचडी कॅमेरे १४४० × १०८० पिक्सेलच नोंदवत, पण त्यांचा प्रत्येक पिक्सेल चौरस नसून १.३३३ पट रुंद धरला जाई. १४४० गुणिले १.३३३ म्हणजे १९२०, म्हणजे ते चित्र १६:९ चंच. प्रीमिअरमधला एचडीव्हीचा तयार प्रीसेट याच मापाचा आहे. तुम्ही आकडा बघून तो निवडलात तर तुमचा ‘४:३’ सीक्वेन्स प्रत्यक्षात १६:९ असतो. आणि अशा कॅमेऱ्याची फाइल चौरस पिक्सेल समजून उघडली गेली तर सगळी माणसं दाबलेली दिसतात.

खात्री करायचा सोपा उपाय: टाइमलाइनच्या सुरुवातीला ६०० × ६०० चं एक पांढरं वर्तुळ पाच सेकंद ठेवा. फाइल एक्स्पोर्ट करून ज्या यंत्रावर दाखवायची आहे त्यावर लावा आणि पडद्यावर वर्तुळाची उंची व रुंदी टेपनं मोजा. दोन्ही सारख्या आल्या तर पिक्सेल, फाइल आणि प्रोजेक्टर तिन्ही बरोबर आहेत. मग वर्तुळ काढून अंतिम फाइल बनवा.

शॉट बाय शॉट चौकट जुळवणं

व्ह्यूअरमध्ये सेफ एरियाच्या (कडांपासून किती आत राहायचं ते दाखवणाऱ्या) रेषा चालू करा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा आवाज बंद करून बघा. आवाज बंद केला की डोळा चित्राच्या कडांकडे जातो. जिथे कोणी अर्धं कापलं जातं, कुणाची नजर चौकटीबाहेर पडते किंवा हातातली वस्तू दिसत नाही, तिथे मार्कर लावत जा. लगेच दुरुस्त करायला थांबू नका. सगळे मार्कर लागले की कुठल्या प्रकारचे शॉट जास्त आहेत ते कळतं.

एक उदाहरण आकड्यांत. बोलणाऱ्याचा चेहरा मूळ चित्रात डावीकडून ४२० व्या पिक्सेलवर आहे. मधोमध कापल्यावर तो नव्या चौकटीत १८० वर येतो, म्हणजे कडेला चिकटलेला. चौकटीचा एक तृतीयांश म्हणजे ४८० वर तो छान दिसेल, त्यासाठी चित्र ३०० नं उजवीकडे सरकवायला हवं, पण मर्यादा २४० ची आहे. २४० वर चेहरा ४२० वर येतो. तेवढं पुरे. माणूस उजवीकडे बघत असेल तर ही चौकट बरोबरच आहे, कारण नजरेपुढे मोकळी जागा हवी असते. डावीकडे, म्हणजे जवळच्या कडेकडे बघत असेल तर चित्र जास्तीत जास्त सरकवलेलंच असू द्या, कारण चौकटीतली डावी मोकळी जागा त्याहून वाढत नाही. ४के चं चित्रण असेल तर अशा शॉटला थोडं जवळ जाऊन फक्त चेहरा घेता येतो.

दोघांची मुलाखत हा खरा अवघड प्रकार. एक ३५० वर, दुसरा १५६० वर. दोघांमधलं अंतर १२१०, म्हणून १४४० च्या चौकटीत दोघे मावतात, पण खांदे कापले जातात आणि चेहरे कडेला घासतात. तीन उपाय आहेत. १४:९ करून दोघांना श्वास घ्यायला जागा देणं, हा सगळ्यात शांत. दुसरा, जो बोलतो त्याच्यावर चौकट नेणं: शॉटला वाक्याच्या शेवटी कट द्यायचा आणि पुढच्या तुकड्याची पोझिशन दुसऱ्या टोकाला न्यायची. यात दोन्ही चौकटींत समान दिसणारा भाग जितका कमी तितका कट स्वच्छ. चौकट जेमतेम ८०-१०० पिक्सेलनं सरकवून कट दिला तर तो चुकून झालेली उडी वाटतो. १९२० च्या चित्रात दोन्ही टोकांच्या चौकटींतही मधला ९६० पिक्सेलचा भाग समान राहतो, त्यामुळे नुसतं सरकवून पुरत नाही, १५-२० टक्के जवळही जावं लागतं. तेवढं मोठं केलेलं एचडी चित्र प्रोजेक्टरवर चालून जातं. तिसरा उपाय, की-फ्रेम लावून चौकट हळूच एकाकडून दुसऱ्याकडे नेणं. हा शेवटी ठेवा. कॅमेरा तिपाईवर स्थिर असताना चौकट सरकली की बघणाऱ्याला ती कृत्रिम हालचाल लगेच जाणवते.

की-फ्रेम शोभतात त्या चालत्या माणसासोबत. कोणी रंगमंचाच्या एका बाजूनं येऊन मधल्या माइकपाशी थांबतं, तेव्हा पहिली की-फ्रेम तो चालायला लागल्यानंतर पाच-सहा फ्रेमनी आणि शेवटची तो थांबण्याच्या किंचित आधी लावा. दोन्हींना ईज इन, ईज आउट द्या, म्हणजे हालचाल हळू सुरू होऊन हळूच थांबते. वेगासाठी जुना ठोकताळा असा की, चौकटीच्या पूर्ण रुंदीएवढं अंतर कापायला सात सेकंद लागावेत. १४४० भागिले सात म्हणजे सेकंदाला साधारण २०० पिक्सेल. त्याहून बराच वेग झाला तर सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात उभ्या कडा थरथरतात. पण चौकट चालणाऱ्याबरोबरच हलत असेल तर जास्त वेगही खपतो, कारण नजर त्याच्यावर खिळलेली असते.

मधोमध कापलेल्या शॉटचा हिशोब साधा आहे, पण क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत असतानाच दुसरं उमटणं) असलेल्या जागा तपासा. तुमच्याकडे मूळ टाइमलाइन नसून फक्त तयार फाइल असेल, तर तिचे तुकडे पाडायला रिझॉल्व्हमध्ये ‘सीन कट डिटेक्शन’ आणि प्रीमिअरमध्ये ‘सीन एडिट डिटेक्शन’ आहे. ते सरळ कट बऱ्यापैकी ओळखतं, डिझॉल्व्ह चुकवतं. डिझॉल्व्हच्या मध्ये पोझिशन बदलली तर दोन्ही चित्रं एकदम उडी मारतात. अशा जागी आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही शॉटला एकच पोझिशन द्या, जरी एखादा किंचित कमी सुंदर दिसला तरी.

आपोआप चौकट जुळवणारी साधनंही आहेत: प्रीमिअरमध्ये ‘ऑटो रीफ्रेम’, रिझॉल्व्हच्या विकत घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत ‘स्मार्ट रीफ्रेम’. एकटा माणूस असलेल्या शॉटवर ती वेळ वाचवतात. समूहाच्या शॉटमध्ये ती एका व्यक्तीमागे लागतात किंवा चौकट तरंगत ठेवतात. ऑटो रीफ्रेममध्ये ‘स्लोअर मोशन’ निवडा, आणि काम झाल्यावर प्रत्येक शॉट स्वतः बघा.

नावं, उपशीर्षकं आणि बोधचिन्ह

१६:९ मध्ये पाहुण्यांच्या नावाची पट्टी साधारण डावीकडून पाच टक्क्यांवर, म्हणजे ९६ व्या पिक्सेलवर सुरू होते. ४:३ मध्ये पहिले २४० पिक्सेल गेलेले असतात, म्हणून ‘श्रीमती’ आणि आडनावाचा काही भाग कापला जातो. नावांच्या पट्ट्या वेगळ्या ट्रॅकवर असतील तर त्या चित्राबरोबर न सरकवता ४:३ साठी नव्यानं मांडा: १४४० च्या चौकटीत दोन्ही बाजूंना किमान ७२ पिक्सेल मोकळे ठेवा. जुन्या टीव्हीसाठी आणखी आत या, कारण पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या झाकतात. कडांपासून दहा टक्के आत असलेली अक्षरं तिथेही पूर्ण दिसतात.

देवनागरीत एक जास्तीची काळजी आहे. वरच्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार धरले तर ओळीची खरी उंची रोमन अक्षरांपेक्षा जास्त असते. दोन ओळींत नाव आणि हुद्दा लिहिताना ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षर जाड घ्या. चित्र छोटं झाल्यावर बारीक शिरोरेखा झगमगते. प्रीमिअरमध्ये जोडाक्षरं फुटून दिसत असतील तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करून टायटल नव्यानं टाका.

अक्षरं चित्रातच भाजली गेली असतील, म्हणजे फक्त तयार फाइलच हाती असेल, तर कापू नका. उपशीर्षकं असलेला पूर्ण भाग पट्ट्यांसह ठेवा. कोपऱ्यातलं बोधचिन्ह वेगळ्या ट्रॅकवर असेल, तर ते अर्धं कापलं जाण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं.

काही जण व्हिडिओला सिनेमासारखा देखावा द्यायला आधीच वर-खाली काळ्या पट्ट्या घालतात. त्या वेगळ्या ट्रॅकवर असतील तर आधी बंद करा. खरोखरच २.३९:१ चं चित्र १९२० × ८०४ एवढंच असेल, तर ४:३ भरायला ते १३४ टक्क्यांवर न्यावं लागतं आणि मूळ रुंदीतला फक्त ५६ टक्के भाग उरतो. एवढं कापून चित्राचा अर्थ राहत नाही. पट्ट्या ठेवा.

एक्स्पोर्ट

प्रोजेक्टरवर लॅपटॉपमधून दाखवायचं असेल तर एच.२६४, १४४० × १०८०, चौरस पिक्सेल, सेकंदाला १० ते १२ मेगाबिट, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. १०२४ × ७६८ ला स्वतः उतरवायची गरज नाही, ते काम लॅपटॉप करतो. दुसरं कुठलं माप घेतलंत तर रुंदी आणि उंची दोन्ही सम संख्या असू द्या. नेहमीच्या एच.२६४ ला विषम माप चालत नाही आणि एक्स्पोर्ट मध्येच थांबतो किंवा कडेला एक हिरवट रेघ येते.

एक्स्पोर्टच्या खिडकीत तयार प्रीसेट निवडला, उदाहरणार्थ ‘१०८०पी एचडी’, तर तुमचं ४:३ चं चित्र परत १९२० × १०८० मध्ये जातं आणि डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या लागतात. मग तीच फाइल ४:३ च्या प्रोजेक्टरवर लावली की वर-खालीही पट्ट्या येतात, आणि पडद्याच्या मधोमध चारही बाजूंनी काळं असलेलं छोटं चित्र दिसतं. असं दिसलं की चूक टाइमलाइनमध्ये शोधू नका, आधी फाइलचं माप बघा. माप १९२० × १०८० निघालं तर १४४० × १०८० लिहून परत एक्स्पोर्ट करा. माप बरोबर असेल तर लॅपटॉपची डिस्प्ले सेटिंग तपासा: प्रोजेक्टरला १२८० × ७२० पाठवलं जात असेल तर ते १०२४ × ७६८ करा.

डीव्हीडीसाठी भारतात पाल ही टीव्हीची पद्धत: ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. इथे पिक्सेल चौरस नसतात, म्हणून ७२० × ५७६ चा भागाकार ४:३ येत नाही. घाबरू नका, एन्कोडरमध्ये ‘४:३’ ही खूण मात्र न विसरता करा. एकपदरी डिस्कवर ९० मिनिटं बसवायची तर व्हिडिओला सेकंदाला सरासरी ६ मेगाबिट ठेवा. साधारण ४ हजार मेगाबाइट होतात आणि आवाजासकट ४.७ जीबीत मावतात. तसंच, डीव्हीडी १६:९ ची खूण करून बनवली आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार ‘४:३ लेटरबॉक्स’ ठेवला, तर प्लेअर स्वतः पट्ट्या घालतो. घरात पुढेमागे रुंद टीव्ही येणार असेल तर ही डिस्क जास्त वर्षं उपयोगी पडेल.

जुन्या कॅमेऱ्याचं इंटरलेस्ड चित्रण, म्हणजे १०८०आय, हाती असेल (त्यात प्रत्येक फ्रेमच्या सम आणि विषम ओळी दोन ‘फील्ड’मध्ये, वेगवेगळ्या क्षणी नोंदलेल्या असतात), तर पट्ट्यांसह बसवण्याआधी ते डीइंटरलेस करा, म्हणजे त्यातून पूर्ण फ्रेम बनवून घ्या. पूर्ण उंची राखून फक्त बाजू कापल्या तर ओळी जागच्या जागी राहतात. पण १०८० ओळी ८१० वर दाबल्या की दोन फील्डच्या ओळी एकमेकांत मिसळतात, आणि हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते उमटतात. नंतर ते काढता येत नाहीत.

पुढच्या चित्रीकरणासाठी

कार्यक्रम दोन्ही मापांत द्यायचा हे आधी ठरलेलं असेल तर कॅमेऱ्याच्या मेनूत ४:३ च्या मार्गदर्शक रेषा असतात, त्या चालू करा. फोनवर नसतील तर पडद्याच्या काचेवर दोन्ही बाजूंना पडद्यावरच्या चित्राच्या रुंदीच्या एक अष्टमांशावर बारीक चिकटपट्टी लावा. १९२० चा एक अष्टमांश बरोबर २४० होतो. महत्त्वाचं सगळं त्या रेषांच्या आत आणि बाहेरच्या भागात भिंत, पडदा, रिकामी खुर्ची एवढंच असू द्या. नावाच्या पट्ट्या ३१२ ते १६०८ या पिक्सेलच्या दरम्यान मांडा, म्हणजे एकाच मांडणीत दोन्ही मापं निघतात. समूहनृत्याला दोन पावलं मागे या, किंवा रंगमंचावर खडूनं दोन खुणा करून मुलांना त्यांच्या आत उभं करायला शिक्षकांना तालमीच्या दिवशीच सांगून ठेवा.